आडोशामागचा फासा

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईला दिवसाकाठी जितकं खोटं बोलावं लागतं, तितकं एखाद्या वकिलालाही लागत नसेल. ‘काही नाही हो, जरासं टोचल्यासारखं होईल.’ ‘डॉक्टर आत्ता बोलावतीलच.’ ‘ह्या दाढेचं काय घेऊन बसलात!’ सूनबाई हे सगळं इतक्या गोड आवाजात सांगायची, की समोरचा माणूस सुजलेल्या गालानेही हसायचा. तिच्या मनात पाप नव्हतं. घाबरलेल्या माणसाचं दुखणं दुप्पट होतं, मग खरं सांगून कुणाचं भलं झालंय, असं तिचं साधं गणित होतं. दवाखान्यात ते गणित खपून गेलं. घरी तिने ते वापरायला नको होतं.

तिला सूनबाई म्हणणारा माणूस जगात एकच, तिचे सासरे. नवरा तिला नुसतं ‘अगं’ म्हणायचा आणि नणंद ‘वहिनी’. पण सासऱ्यांची हाक घरभर अशी काही घुमायची, की आपणही तिला तेच म्हणू.

सासरे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी बाजारातले काटे, तराजू आणि लिटरची मापं तपासण्यात गेली. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की दुकानदार आधी खुर्ची पुढे करायचा, मग पाणी विचारायचा आणि शेवटी घाम पुसायचा. ते पाणी पीत नसत आणि खुर्चीवरही बसत नसत. निवृत्त झाले, बायको गेली, एकटे राहू लागले. मग एका सकाळी दात घासता घासता उजवी बाजू लुळी पडली आणि मुलाने त्यांना उचलून आपल्या घरी आणलं. हळूहळू ते काठी धरून चालू लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. जीभ जड झाली होती, शब्द तोलूनमापून यायचे, पण डोकं पहिल्यासारखंच तल्लख होतं आणि तीच तर खरी पंचाईत होती.

कारण आजारी माणूस घरात आला की घरातले सगळे थापाडे होतात. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा म्हणायचा, “वा आजोबा, आज काय घोडदौड!” आणि आजोबांना पलंगापासून खिडकीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागलेली असायची. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, गंजलेल्या तारा बघून सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर सुनवायचा, पण बापाचा रक्तदाब मोजताना यंत्राचं तोंड स्वतःकडे वळवून म्हणायचा, “छान आहे, बाबा. अगदी छान.” मुलगी औषधांच्या दुकानात होती. चाळिशी ओलांडली, दोन मुलं झाली, तरी घरात तिचं नाव छकुलीच राहिलं होतं. तिने नवी गोळी आणली की ती हटकून ‘ताकदीची’ असायची. सासरे ह्या सगळ्यांकडे एकेकाळी दुकानदारांकडे बघायचे तसेच बघत आणि काही न बोलता गोळी गिळत.

आता त्या घरातला खेळ सांगायला हवा.

लग्नाच्या आधीपासून सूनबाई, तिचा नवरा आणि छकुली दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर एक खेळ खेळत. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. गोष्ट सूनबाई चालवायची. छकुली जादूगारीण होती. नवरा कुलपं फोडणारा चोर होता, म्हणजे आठवडाभर लिफ्टची अडकलेली दारं उघडायचा, तेच रविवारी परवानगीशिवाय करायचा. ‘मी दार ढकलतो’, ‘मी राक्षसाला मारतो’ असं म्हणायला कुणाच्या बापाची भीती! पण मारतो म्हटल्याने कुणी मरत नसतं, ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा एक फासा असतो. तो टाकायचा, पडलेल्या आकड्यात आपलं अंगचं कसब मिळवायचं आणि बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याला पोचली तर वार लागला. किती लागला, ते कमी बाजूंचे धाकटे फासे सांगतात. तेवढा समोरच्याचा जीव कमी होतो. जादूचंही तसंच. जादूगारणीने मंत्र म्हटला तरी समोरच्याला बचावाचा एक फासा मिळतो. तो बरा पडला की मंत्र फुकट गेला. एक पडला की फजिती, आणि कसलीही बेरीज न करता निव्वळ वीस पडला की वार लागलाच, वर धाकटे फासे दुप्पट.

आपापले फासे ज्याने त्याने सगळ्यांसमोर टाकायचे. शत्रूंचे फासे मात्र गोष्ट चालवणारी टाकते आणि ती ते लपवून टाकते. गोष्टीतलं पुढचं गुपित फुटू नये म्हणून ही रीत आहे. त्यासाठी सूनबाईसमोर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा तीन घड्या घालून उभा असायचा. त्याला ते आडोसा म्हणत.

सासरे खिडकीजवळच्या खुर्चीतून हे बघत. सुरुवातीला त्यांना वाटलं असावं, पोरं अजून पोरंच आहेत. मग एका रविवारी, छकुलीचा आगीचा मंत्र सलग तिसऱ्यांदा फुकट गेला आणि ती “वहिनी, असं काय गं!” म्हणून रडकुंडीला आली, तेव्हा खिडकीतून आवाज आला.

“फासा कोणाचं ऐकतो?”

तिघांनी वळून बघितलं. नवरा म्हणाला, “कोणाचं नाही, बाबा. पडेल ते पडेल.”

“आजारी माणसाचं?”

“त्याचंही नाही,” सूनबाई हसून म्हणाली.

“मग मला पण घ्या,” सासरे म्हणाले आणि काठी टेकत टेबलाशी आले.

त्यांच्यासाठी एक योद्धा बनवला. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं तर ते म्हणाले, “निरीक्षक.” आणि पहिल्याच दिवशी गोष्टीतल्या बाजारात शिरून निरीक्षकाने एका व्यापाऱ्याचा तराजू तपासला, तो खोटा निघाला म्हणून जप्त केला आणि व्यापाऱ्याच्या दोन पहिलवानांशी भांडण उकरून काढलं. बाकीचे दोघं कुठल्याशा गुहेतला खजिना शोधायला निघाले होते, त्यांची सगळी दुपार भाजीबाजारात गेली. पण सासरे हसत होते. वाकड्या झालेल्या तोंडाने, आवाज न करता, खांदे हलवून हसत होते. त्यांना असं हसताना ह्या घरात कुणी बघितलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दरीत दरोडेखोर आले. सासऱ्यांनी डाव्या हाताने फासा टाकला. डाव्या हाताला सवय नाही, फासा बोटांना चिकटून राहिला आणि मग निसटल्यासारखा पडला. वार चुकला. आता दरोडेखोराची पाळी. सूनबाईने आडोशामागे फासा टाकला आणि निव्वळ वीस पडला. धाकटे फासे दुप्पट. कच्च्या योद्ध्याचा जीव तो केवढा! निरीक्षक तिथल्या तिथे खलास होता.

सूनबाईने पुठ्ठ्यावरून बघितलं. सासरे डावी मूठ टेबलावर ठेवून, मान पुढे काढून वाट बघत होते. दाढी नीट झालेली नव्हती, उजव्या गालावर केस राहिले होते.

“पाच,” ती म्हणाली. “चुकला.”

पहिलं खोटं हे असं बोललं गेलं. दवाखान्यात ‘जरासं टोचेल’ म्हणते तितक्याच सहज. आणि एकदा जीभ त्या वळणाला गेली की काय होतं, हे सांगायला पंडित लागत नाही. तिला त्यात गोडीच वाटू लागली. ती काही आंधळेपणाने लाड करत नव्हती हं, त्यातही कसब होतं. निरीक्षकाला जखमा व्हायच्या, तो धडपडायचा, एकदा तर नदीत वाहून जाता जाता राहिला. पण मरणाचा फासा पडला की आडोशामागे त्याचा चार व्हायचा नाहीतर सहा. शिवाय शत्रूचा जीव किती उरलाय तेही तिच्याच कागदावर. सासऱ्यांचा वार जरा जोरात लागला की ती राक्षसाला पाडून टाकायची, त्याचा निम्मा जीव शिल्लक का असेना. इकडे छकुलीची जादूगारीण दोनदा मेली. नवऱ्याचा चोर खड्ड्यात पडून मेला आणि त्याला नवा चोर करावा लागला.

“बाबांवर देवाची मर्जी आहे बुवा,” नवरा म्हणायचा. त्याने ओळखलं होतं की नव्हतं, हे सूनबाईने कधी विचारलं नाही. मर्जी कुणाची ते उघड होईल म्हणून असेल.

सासरे मात्र रविवारसाठी जगू लागले. शनिवारीच नखं कापून घेत. आठवडाभर गोळ्या, यंत्रं, ‘छान आहे बाबा’ सगळं मुकाट सोसत, कारण आठवड्यातून एक दुपार अशी होती जिथे त्यांना कुणी सूट देत नव्हतं. असं त्यांना वाटत होतं. आणि आपण त्यांना नेमकं काय देतोय आणि काय काढून घेतोय, हे सूनबाईच्या डोक्यात कधी आलंच नाही. आज तिला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. खोटं बोलल्याचं वाईट वाटतंच, पण आपण इतक्या खुशीत होतो, ह्याचं जास्त.

मग तो खाणीचा रविवार आला. खाणीच्या तळाशी एक राक्षस होता, दगडाच्या कातडीचा. लढाई रंगली होती. राक्षसाने निरीक्षकावर सोटा उगारला. वेळ वाचावा म्हणून सूनबाई आता मोठा आणि धाकटा फासा एकदमच टाकायची. तिने टाकले, आणि नेहमीप्रमाणे ती बघायलाही थांबली नाही. सासऱ्यांच्या वेळी आकडा फाशावर बघायची गरजच उरली नव्हती, तो आधीच तिच्या तोंडात तयार असायचा.

“सात,” ती म्हणाली. “चुकला! सोटा भिंतीवर आपटतो, दगड कोसळतात—”

बोलता बोलता तिने फासे उचलायला हात नेला. धाकटा फासा होता. वीस बाजूंचा नव्हता.

पुठ्ठ्याच्या घडीखाली बोटभर फट राहिली होती. तिने टेबलाखाली बघितलं, मांडीवर बघितलं.

“काय शोधतेस गं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही.”

“सात ना?” सासरे म्हणाले. त्यांचा डावा पंजा टेबलावर पालथा होता.

“हो बाबा. सात.”

“बरं,” ते म्हणाले. “सात.”

तिने पिशवीतून दुसरा फासा काढला आणि खेळ पुढे चालू ठेवला. काय खेळली, देव जाणे. सासरे आपला फासा मुलाला टाकायला सांगत होते. संध्याकाळी छकुली आपल्या घरी गेली, नवरा कप विसळायला आत गेला, तेव्हा सासऱ्यांनी पंजा उचलला. खाली फासा होता. तो हलू नये म्हणून इतका वेळ त्यांनी हात उचलला नव्हता. बिस्किटसुद्धा घेतलं नव्हतं.

“हा माझ्याकडे आला होता,” ते म्हणाले. “एकोणीस.”

त्यांनी फासा जपून तिच्यासमोर ठेवला, काठी घेतली आणि खोलीत गेले. सूनबाईला कानशिलात बसल्यासारखं झालं. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. डोळे दुखतात म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी झोप येते म्हणाले. खिडकीजवळच्या खुर्चीतही बसेनात. घरातलं काहीच बदललं नाही आणि तरी सगळं बदललं. रक्तदाब किती, असं ते पूर्वी निदान विचारायचे तरी, आता हात पुढे करायचे आणि भिंतीकडे बघायचे. ताकदीची गोळी आली की “हो” म्हणायचे. व्यायामाच्या मुलाने घोडदौड म्हटलं की “हो” म्हणायचे. माणूस भांडतो तोवर त्याची आशा असते, ‘हो’वर मात्र इलाज नाही.

शेवटी सूनबाई एका संध्याकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि कप टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली.

“बाबा, चुकलं माझं.”

त्यांनी कप हातात घेतला.

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं हो. तुम्ही इतके खूश असायचात. मला वाटलं, थोडं जास्तच पदरात घातलं तर कुणाचं काय जातंय?”

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. ओठाच्या कोपऱ्यातून थेंब ओघळला, तो त्यांनी स्वतःच पुसला.

“एक म्हातारी होती,” ते म्हणाले. “साखर विकायची. काटा जास्त द्यायचा. गिऱ्हाइकाला जास्त.” मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. “लोक म्हणाले, सोडा हो साहेब, देतेच आहे ना. मी काटा जप्त केला.”

“का?”

“कमी देणारा खोटा. जास्त देणाराही खोटाच. त्यावर मग कुणी काही तोलू शकत नाही.”

सूनबाईला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

“किती वेळा मेलो असतो मी?” त्यांनी विचारलं.

“मोजलं नाही, बाबा.”

“मोजायचं होतंस,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब राहून गेल्याची खंत होती.

तिने त्याच पावली बाहेर येऊन पुठ्ठ्याचा आडोसा उभा-आडवा फाडला आणि तुकडे आणून त्यांना दाखवले. म्हणाली, आता शत्रूचे फासेही टेबलाच्या मधोमध पडतील, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. जे पडेल ते. निरीक्षक मेला तर मेला. सासऱ्यांनी दोन तुकडे डाव्या हाताने जुळवून बघितले.

“बघू,” म्हणाले.

ह्या एका ‘बघू’ने ती इतकी हरखली, की तेवढ्यावर तिच्याने गप्प बसवलं नाही. दवाखान्यातून येता येता ती खेळण्यांच्या दुकानात गेली आणि त्यांच्यासाठी एक नवा फासा घेतला. लिंबाएवढा मोठा, पांढरा, ठसठशीत काळ्या आकड्यांचा, डाव्या हाताच्या बोटांत नीट बसेल असा. चुकीची भरपाई म्हणून काहीतरी द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. ज्या बाईने माणसाला फाशात फसवलं, तिनेच त्याच्या हातात नवा फासा ठेवावा, हे कसं दिसेल, हा विचार तिला शिवला नाही. काही माणसांना चांगुलपणाची इतकी घाई असते, की आधीच्या चांगुलपणाने काय घोटाळा केला हे बघायला ती थांबत नाहीत.

“हा घ्या, बाबा,” रविवारी ती म्हणाली. “आता हाच वापरा.”

सासऱ्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि समोर ठेवला.

राक्षस तसाच खाणीत उभा होता. सूनबाईने त्याचा फासा टेबलाच्या मधोमध टाकला. घरंगळला, थांबला. सतरा.

“लागला!” सासरेच आधी म्हणाले. “किती?”

धाकटा फासा पडला. सात.

“लिही,” ते नवऱ्याला म्हणाले, कारण लिहिणं आता त्यांना जमत नव्हतं. “सात कमी कर. माझे.”

त्यांचे डोळे चमकत होते. छकुलीने बर्फाचा मंत्र म्हटला, राक्षसाला बचावाचा फासा मिळाला, तोही उघड्यावर टाकला आणि मंत्र फुकट गेला. छकुलीने कपाळाला हात लावला. नवऱ्याचा चोर मागून सुरी घेऊन गेला, त्याला एक पडला, सुरी मोडली. राक्षसाने त्याला एका फटक्यात आडवा केला. पुढच्या पाळीला जादूगारीणही पडली. निरीक्षकाला परत लागला. “लागला,” सासरे म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर गेल्या कित्येक दिवसांत नव्हतं ते हसू होतं. खांदे हलत होते. आपल्याला खराखुरा मार बसतोय, ह्याचा असा आनंद झालेला माणूस सूनबाईने पहिल्यांदाच बघितला. एवढंसं सुख ह्यांना हवं होतं आणि आपण ते इतके दिवस पुठ्ठ्यामागे दाबून ठेवलं, ह्या विचाराने तिला मान वर करवेना.

आता निरीक्षक एकटा उरला होता. जीव नावापुरता. एकाच वारात राक्षसाला पाडायचं तर निव्वळ वीसच पडायला हवा होता, दुसऱ्या कुठल्या आकड्याने भागणार नव्हतं.

“पळा, बाबा,” छकुली म्हणाली. “बोगदा उघडा आहे.”

“नाही,” सासरे म्हणाले.

त्यांनी नवा फासा उचलला. मोठा होता, बोटांत छान बसला. टाकला. तो टेबलभर फिरला, साखरेच्या डब्याला आपटला आणि थांबला.

वीस.

नवरा खुर्ची पाडून उठला. छकुली किंचाळली. सूनबाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. धाकटे फासे दुप्पट, आणि तेही छप्पर फाडून पडले. राक्षसाचा उरलासुरला जीव संपून वर चार उरले. कुणी काही केलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं. इतक्या रविवारांत ह्या टेबलावर निरीक्षकाला मिळालेला हा पहिला विजय, ज्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

“बाबा! मारलंत! खरोखर मारलंत त्याला!” सूनबाई ओरडली.

सासरे फाशाकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

“कुठून आणलास हा?” त्यांनी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. “कुठला?”

“फासा.”

“दुकानातून, बाबा. मी... तुमच्या हाताला बरा म्हणून.”

“हं,” ते म्हणाले. “एक पेला पाणी आण. मीठ आण. जास्त.”

“बाबा, काय चाललंय तुमचं!” नवरा चिडला. “समोर पडला की वीस!”

“आण, सूनबाई.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यात ताकाचा काही दोष नसतो. तिने उंच पेला आणला, मिठाचा डबा आणला. सासऱ्यांनी चमच्यामागून चमचा मीठ घालायला लावलं आणि ती ढवळत राहिली. पाणी गढुळलं, मग निवळलं. त्यांनी फासा आत सोडला. इतक्या खारट पाण्यात तो बुडाला नाही, वर तरंगत राहिला. एक बाजू जड असली तर ती खाली जाते आणि दर वेळी तोच आकडा वर येतो, हे काट्यांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. ते बोटाने फासा ढकलत, तो गरगरत, थांबत, ते आकडा बघत. अकरा. परत ढकलत. तीन. सोळा. आठ. छकुली खिडकीशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याने पडलेली खुर्ची सरळ केली, पण तो तिच्यावर बसला नाही. सूनबाई मात्र पेल्याजवळून हलली नाही. हे बघणं हीच आपली शिक्षा, असं तिला वाटलं.

खूप वेळाने त्यांनी फासा बाहेर काढला आणि सदऱ्याला पुसला.

“खरा आहे,” ते म्हणाले.

“मग बाबा, वीसही खराच होता ना!” तिचा आवाज फुटला. “अजून रागावलात माझ्यावर?”

“राग नाही गं,” ते म्हणाले, आणि त्यांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला. हात खारट, ओला होता. “काट्यावर राग नसतो. एकदा खोटा सापडला, की दर खेपेला तपासावा लागतो. एवढंच.”

तिने मान हलवली.

“चल,” ते म्हणाले. “सांग पुढे.”

मग तिने राक्षसाचं पडणं सांगायला घेतलं. ते तिने मनात किती दिवसांपासून रचून ठेवलं होतं. दगडाची कातडी कशी तडकते, खाण कशी हादरते, वरून उजेडाची एक तिरीप कशी खाली येते. सांगत होती खरी, पण आपलाच आवाज तिला दवाखान्यातल्या काउंटरवरून आल्यासारखा वाटत होता. छकुली परत येऊन बसली होती. सासरे मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी बोट वर केलं.

“पडला ना खरंच?” त्यांनी हळूच विचारलं.

सूनबाई थांबली. मग तिने राक्षसाच्या जिवाचा हिशेब मांडलेला कागद उचलला, उलटा फिरवला आणि त्यांच्यापुढे ठेवला. सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढून एका हाताने कसाबसा डोळ्यांवर चढवला, पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि ते एकेक वजाबाकी करत खाली येऊ लागले. आपली कुठे बेरीज-वजाबाकी चुकलेली नसू दे, एवढंच सूनबाई मनात म्हणत राहिली.